आराखड्यातच इतिहासाची रीत

अमेरिकेत अकरावीतली बरीच मुले ‘एपी यूएस हिस्टरी’ ही परीक्षा देतात. मुलांच्या तोंडी तिचे नाव ‘एपुश’. कॉलेज बोर्ड ही संस्था ती दर मे महिन्यात घेते, १ ते ५ अशी श्रेणी देते, आणि वरची श्रेणी मिळाली तर अनेक विद्यापीठे त्या बदल्यात श्रेयांक देतात. न्यू जर्सीतल्या किंवा कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांना हे नाव आता नवे राहिलेले नाही. या परीक्षेबद्दल एक मतही घराघरांत रुजले आहे, आणि ते केवळ मराठी घरांतच आहे असे नाही. कितीतरी अमेरिकी पालकही तेच बोलतात. मत असे : आधी इतिहास नीट पाठ करून घ्या, पेपर कसा असतो, कोणत्या भागाला किती वेळ आणि किती गुण, हे शेवटच्या पंधरवड्यात पाहिले तरी चालते. ज्ञान तेवढे खरे, पेपरचे स्वरूप ही वरवरची गोष्ट.

याच मताचा एक भारदस्त अवतारही आहे. तो विद्वानांच्या तोंडी असतो. स्वरूपाचा अभ्यास म्हणजे गुण उपटण्याची विद्या, विषयावर प्रेम असणाऱ्याने तिच्या नादी लागू नये, असे ते म्हणतात. पहिला पक्ष स्वरूपाला क्षुल्लक मानतो आणि दुसरा त्याला हीन मानतो, पण स्वरूप विषयाबाहेरचे आहे यावर दोघांचे एकमत आहे. माझा विरोध त्या एकमताला आहे. या परीक्षेपुरते तरी स्वरूप विषयाबाहेरचे नाही. इतिहासकार ज्या रीतीने काम करतो ती रीतच तिथे आराखड्याच्या रूपाने मांडलेली आहे.

पूर्वपक्षाला न्याय द्यायचा तर आधी हे सांगायला हवे की तो मूर्खपणातून आलेला नाही. आपण ज्या परीक्षा दिल्या त्यांत तो खराच होता. रिकाम्या जागा भरा, जोड्या लावा, कारणे द्या, टिपा लिहा : प्रश्नाचा वेष कोणताही असो, आत मागितलेला असायचा तो पाठ्यपुस्तकातला एकच मजकूर. ज्याला धडा पाठ त्याला सगळे वेष सारखेच. अशा ठिकाणी ‘पेपर पॅटर्न’ हा अपेक्षित प्रश्नसंच छापणाऱ्यांचा विषय होता, इतिहासाचा नव्हे. चूक होते ती हा अनुभव जसाच्या तसा दुसऱ्या परीक्षेवर लादताना.

आता ती परीक्षा काय मागते ते पाहू. एकूण वेळ ३ तास १५ मिनिटे. पहिल्या भागात ५५ मिनिटांत ५५ बहुपर्यायी प्रश्न, वजन ४० टक्के. मग ४० मिनिटांत तीन लघुत्तरी प्रश्न, वजन २० टक्के. दुसऱ्या भागात दोन निबंध. एक कागदपत्रांवर आधारलेला, ज्याला सगळे ‘डीबीक्यू’ म्हणतात. त्याला सुचवलेला वेळ वाचनाच्या १५ मिनिटांसह ६० मिनिटे आणि वजन २५ टक्के. दुसरा दीर्घ निबंध, ४० मिनिटांचा, वजन १५ टक्के. हे आकडे कुठेही मिळतात. त्यांच्याकडे निरखून पाहणारे मात्र थोडे. बहुपर्यायी प्रश्न सुटे नसतात. एखादा उतारा, व्यंगचित्र, नकाशा किंवा तक्ता समोर ठेवून त्यावर दोन-चार प्रश्न विचारतात. तीन लघुत्तरी प्रश्नांपैकी दोनांसमोर साधन असते. डीबीक्यूसमोर तर सात कागद असतात. बेरीज केली तर परीक्षेचा सुमारे ७८ टक्के भाग असा निघतो की ज्यात काहीतरी वाचायला समोर ठेवलेले आहे. ज्या परीक्षेचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग वाचनाचा आहे तिला पाठांतराची परीक्षा म्हणणे ही त्या परीक्षेबद्दलचीच चुकीची माहिती आहे.

बहुपर्यायी प्रश्नाची जात एका उदाहरणाने कळेल. समोर १८४८च्या सेनेका फॉल्स परिषदेतल्या स्त्रियांच्या जाहीरनाम्यातला उतारा आहे असे समजा. प्रश्न आहे की या विचारांना थेट बळ कशातून मिळाले. एका पर्यायात लिहिले आहे की १९व्या घटनादुरुस्तीने स्त्रियांना मताधिकार मिळाला. दुसऱ्यात गुलामगिरीविरोधी चळवळ आहे. पाठांतरवाल्या मुलाला पहिला पर्याय लगेच ओळखीचा वाटतो, कारण त्यातले विधान खरे आहे. पण ती दुरुस्ती १९२० सालची. कारण कार्यानंतर ७२ वर्षांनी येत नसते. ज्याला ठाऊक आहे की एलिझाबेथ केडी स्टँटन आणि लुक्रेशिया मॉट यांची भेट १८४० साली लंडनच्या गुलामगिरीविरोधी परिषदेत झाली, आणि तिथे स्त्री प्रतिनिधींना सभागृहात बरोबरीने बसू दिले नाही, तो दुसऱ्या पर्यायाकडे वळतो. खरे पण गैरलागू असे विधान पर्यायांत ठेवणे ही या पेपरची नेहमीची चाल आहे. मुले तिच्यावर चिडतात. मला ती न्याय्य वाटते, कारण खऱ्या पण गैरलागू गोष्टी बाजूला सारता येणे हाच इतिहासाच्या वाचनातला अर्धा भाग आहे.

ही परीक्षा पाठांतराची नाही, याचा सर्वांत ठसठशीत पुरावा २०२० सालचा. कोविडमुळे मुले घरी बसली आणि परीक्षा ४५ मिनिटांवर आणावी लागली. तेव्हा बहुपर्यायी प्रश्न गेले, लघुत्तरी गेले, दीर्घ निबंध गेला. उरला तो पाच कागदांचा एक डीबीक्यू, आणि तोही पुस्तक व वह्या उघड्या ठेवून लिहायचा. सगळे काढून टाकावे लागल्यावर जे ठेवले जाते ते त्या परीक्षेचे मर्म असते. पाठांतर मोजायचे असते तर पुस्तक उघडे ठेवायची परवानगी देता आली नसती.

हा डीबीक्यू १९७३ सालापासून या परीक्षेत आहे. त्याच्याजवळ जरा थांबायला हवे, कारण वादाचा निकाल तिथेच लागतो. २०१८ साली प्रश्न होता तो असा : १८६५ ते १९१० या काळात जगातली अमेरिकेची भूमिका विस्तारत गेली, तिच्या निरनिराळ्या कारणांचे सापेक्ष महत्त्व तपासा. या प्रश्नाला शोभतील असे चार कागद मी स्वतः निवडून पुढे ठेवतो. १८६७चा अलास्काखरेदीचा तह, रशियाला ७२ लाख डॉलर. जोसाया स्ट्राँग या धर्मोपदेशकाच्या १८८५च्या ‘अवर कंट्री’ या पुस्तकातला भाग, ज्यात अँग्लो-सॅक्सन वंशाच्या जगभरच्या प्रसाराची भाषा आहे. सागरी सत्तेचे महत्त्व सांगणारा, नौदल अधिकारी आल्फ्रेड थेअर माहान यांचा १८९०च्या दशकातला एखादा लेख. आणि थिओडोर रूझवेल्ट यांनी डिसेंबर १९०४ मध्ये काँग्रेसला पाठवलेला वार्षिक संदेश, ज्यात लॅटिन अमेरिकेत आंतरराष्ट्रीय पोलिसाची भूमिका घेण्याचा हक्क सांगितला आहे.

पाठांतरावर भिस्त ठेवणारा मुलगा काय लिहितो? कागद क्रमांक दोनमध्ये स्ट्राँग असे म्हणतात, तीनमध्ये माहान तसे म्हणतात, चारमध्ये रूझवेल्ट अमुक सांगतात. मग शेवटी, अशा प्रकारे विस्ताराला अनेक कारणे होती. हे चार कागदांचे चार सारांश झाले, त्यांतून विधान उभे राहिले नाही. गुणदानात प्रतिपादनाचा एक गुण आहे. तो नुसता प्रश्न उलटून लिहिल्याने मिळत नाही, वाद घालता येईल असे काहीतरी ठामपणे म्हणावे लागते.

ज्याला स्वरूप समजले आहे तो प्रत्येक कागदाला आधी विचारतो : लिहिणारा कोण, कुणासाठी, केव्हा, कशाकरता? स्ट्राँग यांचे पुस्तक अमेरिकन होम मिशनरी सोसायटीसाठी लिहिलेले. म्हणजे वाचक कोण, तर देशांतर्गत धर्मकार्याला हातभार लावतील अशी प्रॉटेस्टंट माणसे. मग हा कागद परराष्ट्र खात्याच्या धोरणाचा पुरावा होत नाही. विस्ताराला अनुकूल असा लोकभावनेचा एक प्रवाह होता, एवढाच तो दाखवतो, आणि तेवढ्यापुरता तो मोलाचा आहे. माहान स्वतः नौदलात, नौदल महाविद्यालयात शिकवणारे. मोठ्या आरमाराची गरज सांगण्यात त्यांचा संस्थात्मक स्वार्थ आहे, म्हणून त्यांचे म्हणणे खोटे ठरत नाही. पण ते कोणत्या खुर्चीत बसून बोलत आहेत ते लक्षात ठेवून तोलावे लागते. रूझवेल्ट यांचा संदेश नावाला काँग्रेसला आहे. पण त्याआधी १९०२-०३ मध्ये कर्जवसुलीसाठी ब्रिटन, जर्मनी आणि इटलीच्या नौदलांनी व्हेनेझुएलाची नाकेबंदी केली होती, आणि डोमिनिकन प्रजासत्ताकाची देणी थकलेली होती. हे ज्याला माहीत आहे त्याला कळते की ते शब्द युरोपच्या राजधान्यांनाही ऐकवायचे होते. आता तो लिहू शकतो की वंशश्रेष्ठतेच्या भाषेने विस्ताराला नैतिक मुलामा दिला, पण १९०० नंतर सरकारची पावले ठरवली ती मुख्यतः सामरिक हिशेबाने. मग अलास्का या विधानात बसत नाही, तो १८६७चा आहे, हे तो स्वतःच पाहतो आणि तो अपवाद मान्य करून विधान नेमके करतो.

हे जे त्याने केले त्याला आपल्याकडे साधनचिकित्सा म्हणतात. वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला तेव्हा त्यांचा झगडा याचसाठी होता. बखरी लोकांच्या तोंडी होत्या, रसाळ होत्या, पण घटनेनंतर कधी, कुणी, कुणाच्या सांगण्यावरून लिहिल्या याचा हिशेब कोणी मागत नव्हते. राजवाड्यांनी त्या वेळची पत्रे पुढे ठेवली आणि बखरीतली विधाने त्यांवर घासून पाहिली. अकरावीतल्या मुलाने राजवाडे व्हावे असा माझा आग्रह नाही. पण ज्या घरात राजवाड्यांचे नाव आदराने घेतात त्या घराने डीबीक्यूला ‘युक्ती’ म्हणावे, हे मला पटत नाही.

पाठांतर आणि वाचन या दोन वेगळ्या शक्ती आहेत, हे सॅम वाइनबर्ग या अमेरिकी संशोधकाने १९९१ साली एका अभ्यासातून दाखवले. एप्रिल १७७५ मध्ये लेक्सिंग्टनला झालेल्या चकमकीबद्दलचे कागद त्यांनी काही इतिहासकारांना आणि काही हुशार शाळकरी मुलांना वाचायला दिले आणि मोठ्याने विचार करत वाचायला सांगितले. इतिहासकारांची नजर आधी कागदाच्या लेखकावर जाई. मुले पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सरळ वाचत जात आणि लेखकाच्या नावाला फारशी किंमत देत नसत. त्या इतिहासकारांतल्या काहींचा अमेरिकन क्रांती हा विषयच नव्हता. क्रांतीबद्दलचे सुटे तपशील काही मुलांना त्यांच्याहून अधिक माहीत होते. तरी कागद उलगडला तो इतिहासकारांना.

स्वरूपात दडलेला इतिहास नुसत्या प्रश्नप्रकारांत नाही, कालखंडांच्या आखणीतही आहे. या अभ्यासक्रमाचे नऊ कालखंड आहेत. पहिला १४९२ला नव्हे, १४९१ला सुरू होतो. त्या एका वर्षाच्या फरकाचा अर्थ असा की कोलंबस येण्याआधी तिथे राहणाऱ्या लोकांचा इतिहास हाही या देशाचा इतिहास आहे. पुढचा एक कालखंड १८४४ ते १८७७, त्यानंतरचा १८६५ ते १८९८, आणि त्यानंतरचा १८९० ते १९४५. म्हणजे कालखंड एकमेकांवर चढलेले आहेत. पुष्कळ पालकांना ही छपाईतली गफलत वाटते. गफलत नाही. यादवी युद्धाचा कालखंड १८६१ला न उघडता १८४४ला उघडतो, कारण युद्धाची मुळे पश्चिमेकडच्या नव्या भूमीत गुलामगिरी जाणार की नाही या वादात शोधायची आहेत. १८६५ ते १८७७ ही बारा वर्षे दोन कालखंडांत येतात, कारण दक्षिणेकडे पाहिले तर ती युद्धाचा शेवट आहेत, आणि रेल्वे व कारखान्यांकडे पाहिले तर नव्या औद्योगिक युगाचा आरंभ आहेत. कालखंड ही इतिहासकाराने केलेली मांडणी असते, निसर्गाने आखलेली रेघ नसते, ही जाण त्या आखणीतूनच मिळते. ज्याने आराखडा ‘शेवटच्या पंधरवड्यासाठी’ बाजूला ठेवला त्याला हे वर्षभर दिसतच नाही.

याच अभ्यासक्रमावरून २०१४ साली अमेरिकेत मोठे रण माजले. नव्या आराखड्यात अमुक थोर पुरुषांची नावे नाहीत, देशाच्या उणिवांवरच भर आहे, अशी तक्रार झाली. रिपब्लिकन पक्षाच्या राष्ट्रीय समितीने विरोधाचा ठराव केला. कोलोरॅडोतल्या जेफर्सन काउंटीत शाळामंडळाने अभ्यासक्रमाचे पुनरावलोकन देशभक्तीला पोषक अशा कसोटीवर करण्याचा प्रस्ताव आणला, तेव्हा शेकडो विद्यार्थी वर्ग सोडून रस्त्यावर आले. शेवटी २०१५ मध्ये कॉलेज बोर्डाने आराखडा सुधारून प्रसिद्ध केला. त्या वादाचा पुष्कळसा भाग यादीवर झाला : कोणाचे नाव आहे, कोणाचे नाही. मुलांना कागद कसा वाचायला शिकवले जात आहे यावर त्या मानाने फार थोडे बोलले गेले. इतिहास म्हणजे नावांची यादी, ही समजूत दोन्ही बाजूंना किती घट्ट चिकटली होती ते त्यावरून दिसते.

आता भारदस्त आक्षेपाकडे येतो, कारण तो अधिक बळकट आहे. म्हणतात, हे सगळे कागदावर छान आहे. प्रत्यक्षात गुणदानाच्या तक्त्याने त्याचे यंत्र केले आहे. डीबीक्यूचे सात गुण : प्रतिपादनाचा एक, पार्श्वभूमीचा एक, कागदांच्या वापराचे दोन, बाहेरच्या पुराव्याचा एक, साधनचिकित्सेचा एक, गुंतागुंत ओळखल्याचा एक. मुले खुणा करत जातात. वर्गात ‘हिप’ हे आद्याक्षरी सूत्र शिकवतात : ऐतिहासिक संदर्भ, अपेक्षित वाचक, हेतू, दृष्टिकोन. मग मुलगा कागदाखाली एक ओळ चिकटवतो, ‘लेखकाचा हेतू वाचकांना पटवणे हा होता’, आणि पुढे जातो.

हे घडते, खोटे नाही. पण अशी ओळ गुण मिळवून देत नाही. हेतू किंवा वाचक सांगून भागत नाही. तो मुद्दा निबंधातल्या युक्तिवादाला कसा लागू होतो ते स्पष्ट करावे लागते. पार्श्वभूमीचा गुणही एका वाक्याच्या उल्लेखावर मिळत नाही. म्हणजे ज्या यांत्रिकपणाबद्दल तक्ता दोषी ठरवला जातो, त्या यांत्रिकपणाला तक्ता स्वतः गुण नाकारतो. दोष अर्धवट शिकवण्यात आहे. शिवाय हाच तक्ता सांगतो की निबंध हा पहिला खर्डा आहे असे धरूनच वाचावा, अर्थ कळत असेल तर व्याकरणाच्या चुका मोजू नयेत, आणि युक्तिवाद ज्यावर उभा आहे तो मजकूर बरोबर असेल तर इतरत्र झालेली लहानशी चूक आड येऊ देऊ नये. इंग्रजी ज्यांची घरची भाषा नाही अशा मुलांसाठी ही फार मोठी गोष्ट आहे. सुंदर भाषेच्या धाकाने गप्प बसणाऱ्या मुलाला इथे बोलायला जागा आहे.

मग पाठांतर सोडून द्यायचे का? मुळीच नाही, आणि स्वरूप समजले की त्याची नेमकी जागाही समजते. दीर्घ निबंधात समोर एकही कागद नसतो. तीन पर्यायांतून एक निवडून सगळा पुरावा आठवणीतून आणावा लागतो. डीबीक्यूतला बाहेरचा पुरावा आठवणीतूनच येतो. वरच्या उदाहरणातली व्हेनेझुएलाची नाकेबंदी कागदात लिहिलेली नव्हती. लघुत्तरी भागात दोन इतिहासकारांची परस्परविरोधी मते समोर येऊ शकतात. समजा विषय यादवी युद्धानंतरच्या पुनर्रचनेचा आहे : एका बाजूला ती भ्रष्ट आणि फसलेली राजवट होती म्हणणारा जुना डनिंग पंथ, दुसऱ्या बाजूला तिच्यात कृष्णवर्णीयांचे लोकशाही घडवण्याचे कर्तृत्व पाहणारे डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस, ज्यांचे ‘ब्लॅक रीकन्स्ट्रक्शन’ १९३५ साली आले. प्रत्येक मताला पुष्टी देणारी एकेक घटना लिहा, असे विचारले तर ती घटना आठवायलाच हवी. पण काय आठवायचे हे आता ठरते. तारीख पाठ करायची ती अलास्काचे वर्ष माहीत असावे म्हणून नव्हे, तर अलास्का कोणत्या विधानाला छेद देतो ते दिसावे म्हणून. अशी तारीख विसरतही नाही.

या स्वरूपात एक मोठी उणीव आहे आणि ती मी झाकणार नाही. सात कागद कोणीतरी आधीच निवडून दिलेले असतात. प्रश्नही दुसऱ्याचा असतो. राजवाडे गावोगाव हिंडून दप्तरे शोधत होते. कोणाच्या घरचा कागद जपला गेला आणि कोणाचा कधी लिहिलाच गेला नाही, हा प्रश्न त्यातून उभा राहतो. तो प्रश्न या परीक्षेत मुलासमोर येत नाही. गुलामगिरीतल्या माणसाचा स्वतःच्या हातचा कागद सात कागदांत का नाही, हे विचारायला साठ मिनिटांत जागा नाही. चांगले शिक्षक ते वर्गात विचारतात. पण ही उणीव दाखवून पाठांतराकडे परत जाता येत नाही, कारण पाठांतरात तर कागदच नाही.

म्हणून ज्या घरात यंदा मूल ही परीक्षा देणार आहे त्या घराला माझे सांगणे मार्चचे नाही, सप्टेंबरचे आहे. कॉलेज बोर्ड मागच्या वर्षांचे निबंधप्रश्न, विद्यार्थ्यांनी लिहिलेली नमुना उत्तरे आणि प्रत्येक उत्तराला कोणता गुण का मिळाला किंवा का नाही याचे स्पष्टीकरण खुले करते. पहिल्याच महिन्यात मुलाबरोबर त्यातला एक डीबीक्यू घ्या. परीक्षा २०२५पासून संगणकावर असली तरी हे वाचन कागदावर करा, पेन हातात घेऊन. मुलाला उत्तर लिहायला लावू नका. सात कागदांच्या समासात फक्त लिहिणारा कोण आणि कुणासाठी एवढे लिहायला सांगा, मग कोणते दोन कागद एकमेकांना खोडतात ते विचारा, आणि त्यानंतरच पाठ्यपुस्तकाचा त्या काळावरचा धडा उघडू द्या.